नाईलकाठची देवळं आणि थडगी : सुरुवात कारागिरांच्या गावापासून करा

कृष्णाकाठची

मंडळी, गेल्या महिन्यात आई आणि मावशीला घेऊन इजिप्तला जाऊन आले. लक्सरला पाच मुक्काम, तिथून बोटीने अस्वान, मग अबू सिंबेल. नियोजन करताना इथल्या जुन्या धाग्यांचा खूप उपयोग झाला, म्हणून मीही सविस्तर लिहिते. पिरॅमिडवर इथे भरपूर लिहून झालंय, त्यामुळे हा धागा फक्त वरच्या इजिप्तचा. (वरचा म्हणजे नकाशात खालचा. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, म्हणून नदीच्या वरच्या अंगाचा तो वरचा इजिप्त. आईला हे घाटमाथा आणि कोकण म्हटल्यावर लगेच पटलं.)

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. लक्सरच्या पश्चिम तीरावर राजांच्या दरीत (व्हॅली ऑफ द किंग्ज) जायच्या आधी देर अल-मदिनाला जा. बहुतेक सहलींच्या कार्यक्रमात हे गाव नसतंच, किंवा 'वेळ उरल्यास' असं शेवटी लिहिलेलं असतं. आम्ही हट्टाने पहिल्या दिवशी सकाळी तिथे गेलो आणि पुढचा सगळा प्रवास त्यामुळे वेगळा झाला.

राजांची थडगी खोदणारे, गिलावा करणारे, चित्रं रंगवणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्या गावात राहिले, ते हे गाव. भोवताली कुंपणाची भिंत, आत अरुंद बोळ आणि दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून साठ-सत्तर घरं. आज कंबरेइतक्या भिंती उरल्यात, पण पुढची खोली, मधली खोली, मागे स्वयंपाकघर, तळघराच्या पायऱ्या हे सगळं ओळखू येतं. आमची मावशी एका घरात उभी राहून म्हणाली, "अगं, ही तर चाळ आहे." खरंच तसंच वाटतं.

हे लोक लिहिते-वाचते होते आणि चुनखडीच्या कपच्यांवर सगळं लिहून ठेवायचे. हिशोब, भांडणं, उधारी, पत्रं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अशी एक मोठी कपची आहे, राजा रामसेस दुसऱ्याच्या कारकिर्दीच्या चाळिसाव्या वर्षातली. ते चक्क हजेरीपत्रक आहे! कामगारांची नावं, गैरहजेरीच्या तारखा काळ्या शाईत आणि त्यांच्या वर लाल शाईत कारण. एकाला विंचू चावला. एकाचे डोळे आलेत. एक बिअर गाळतोय. एक आपल्या आईच्या शवाला पट्ट्या गुंडाळायला घरी थांबलाय. मी शाळेत शिकवते, रोज हजेरी घेते. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कोणीतरी आईच्या दुःखाची रजा अशी एका शब्दात मांडून ठेवली, हे वाचून मला गलबलून आलं होतं. म्हणून ते गाव डोळ्यांनी बघायचंच होतं.

गावाच्या वरच्या उतारावर या कारागिरांची स्वतःची थडगी आहेत. दिवसभर राजासाठी काम करायचं आणि सुट्टीत स्वतःसाठी खोदायचं. त्यांचा आठवडा दहा दिवसांचा, आठ दिवस काम आणि दोन दिवस सुट्टी. सेन्नेजेम नावाच्या कारागिराचं थडगं १८८६ मध्ये न फुटलेलं सापडलं. खाली उतरायला उभा, अरुंद जिना आहे, डोकं वाकवावं लागतं. खाली जेमतेम आपल्या माजघराएवढी खोली. पण भिंती! पिवळ्याधमक पार्श्वभूमीवर तो आणि त्याची बायको इयनेफेर्ती परलोकातली शेती करतायत. तो बैलजोडीने नांगरतोय आणि त्याच्या मागून ती बी टाकत चाललीय. खालच्या पट्टीत पाण्याचा पाट आणि खजुराची झाडं. माझी आई जन्मभर शेतात राबलेली. ती बराच वेळ त्या भिंतीपुढे उभी होती. मग म्हणाली, "नेसूचं पांढरंशुभ्र हाय बघ. मेल्यावर तरी चिखल लागत नसंल."

तिथून राजांच्या दरीत गेलो, तेव्हा तिथली प्रत्येक भिंत मला कोणाच्या तरी हाताची दिसत होती. सवड मिळेल तसं पुढचं लिहिते.

---

सह्यवेडा

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. चाळीची उपमा झकास. आम्ही २०१९ ला सहलीबरोबर गेलो होतो, हे गाव बसच्या खिडकीतूनच 'दाखवलं'. पूर्ण लिहाच, ताई.

---

दगडफूल

वाचनखूण साठवली. एक शंका. हे सगळं गुलामांकडून करून घेतलं ना? शाळेत तरी आम्हाला तसंच शिकवलं होतं.

---

कृष्णाकाठची

@दगडफूल, या गावापुरतं तरी उत्तर स्पष्ट 'नाही' असंच आहे. हे कसबी लोक होते, त्यांना सरकारी कोठारातून महिन्याला धान्य मिळायचं. स्वतःला ते 'सत्यस्थानातले सेवक' म्हणवून घ्यायचे. आणि ऐका, रामसेस तिसऱ्याच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी बाराव्या शतकात, हे धान्य थकलं तेव्हा या लोकांनी काम बंद पाडलं. हत्यारं खाली ठेवली, गावाच्या भिंती ओलांडून बाहेर पडले आणि राजाच्या देवळामागे जाऊन बसले. भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली, अंगावर कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे राजाला कळवा, असं त्यांचं म्हणणं होतं. हे सगळं लिहिलेला पपायरस (त्या नावाच्या लव्हाळ्याचा कागद) आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. लेखी नोंद असलेला जगातला पहिला संप म्हणून तो ओळखला जातो. त्यांना धान्य मिळालं, पण पुन्हा थकलं आणि ते पुन्हा बसले.

याच रामसेस तिसऱ्याचं मेदिनेत हाबूचं देऊळ गावापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या भिंतीवर लढाईत मारलेल्या शत्रूंचे तोडलेले हात ढिगाने रचलेत आणि कारकून ते मोजून लिहितोय. हातांची मोजदाद चोख आणि कारागिरांचं धान्य मात्र थकलेलं. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी बघितल्या, त्यामुळे माझ्या डोक्यात त्या आता वेगळ्या होतच नाहीत.

देऊळ मात्र अप्रतिम आहे. गर्दी कमी, जमीन सपाट, ज्येष्ठांना सोपं. दारांच्या वरच्या पाटांखाली मान वर करून बघा, जिथे ऊन-वारा पोचला नाही तिथले निळे-लाल रंग अजून ताजे आहेत.

---

भटकभवानी

फारच छान चाललंय. माझे काही व्यावहारिक प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. राजांच्या दरीत त्यांना काय झेपेल? आणि जेवणाचं काय? आम्ही पक्के शाकाहारी आहोत.

---

कृष्णाकाठची

@भटकभवानी, आई ७१ ची आणि मावशी ६८ ची, त्यामुळे यावर अनुभवाने लिहू शकते.

दरीच्या साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात. तुतनखामेन, सेती पहिला आणि रामसेस पाचवा-सहावा यांना वेगळी तिकिटं. तिकिटाला कार्ड जवळ ठेवा, बहुतेक ठिकाणी रोख घेतच नाहीत. फाटकापासून आतपर्यंत छोटी विजेवरची गाडी आहे. सासूबाईंसाठी रामसेस चौथ्याचं थडगं (क्रमांक २) सगळ्यात सोपं. जवळजवळ सपाट, रुंद बोळ आणि आत छतावर आकाशदेवी नूत. त्यानंतर रामसेस नववा (क्रमांक ६). थुतमोस तिसऱ्याचं (क्रमांक ३४) मात्र त्यांना नको. आधी लोखंडी जिन्याने कड्यात वर चढायचं आणि मग आत खाली उतरायचं. मी एकटी गेले. तिथल्या भिंतींवर रंगीत चित्रं नाहीत, नुसत्या काडीच्या माणसांसारख्या रेघी आकृत्या आहेत, जणू एखादी पोथीच उलगडून भिंतीला लावलीय. मला फार आवडलं, पण गुडघे दुखणाऱ्यांनी फोटोवर समाधान मानावं.

सकाळी सहाला फाटक उघडतं, तेव्हाच पोचा. नऊनंतर मोठ्या बशी येतात आणि आत श्वास कोंडतो. माणसांच्या श्वासातल्या ओलीने त्या रंगांचंही नुकसान होतं, म्हणून थडगी आलटून पालटून बंद ठेवतात. आपलं ठरवलेलं बंद निघालं तर चिडू नका, ते त्यांच्या भल्याचंच आहे.

शाकाहाराची काही अडचण नाही. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा आंबट-तिखट रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा. पोटभर होते आणि स्वस्त मिळते. ताअमिया म्हणजे तिकडचं फलाफल, पण छोल्यांऐवजी वालासारख्या फूल नावाच्या कडधान्याचं, आतून हिरवंगार. सकाळी फूल शिजवून तेल-लिंबू घालून रोटीबरोबर खातात. मुलुखिया नावाची हिरव्या पाल्याची भाजी मागवताना मात्र विचारून घ्या, बरेचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेली असते. आणि जागोजागी लाल सरबत देतील, कर्कडे. मावशीने पहिल्याच घोटात ओळखलं, लाल अंबाडीची बोंडं! अस्वानच्या बाजारात त्याचे ढीग असतात, अर्धा किलो घेऊन आलोय.

---

जुनं_नाणं

लेख आवडला. एक सुचवतो. 'थडगी' हा शब्द मला इथे अपुरा वाटतो. थडगं आपण जमिनीवरचं म्हणतो. ही तर डोंगरात खोदलेली, रंगवलेली दालनं, म्हणजे खरं तर लेणीच. ते लोकही त्याला 'चिरंतन घर' अशा अर्थाच्या शब्दाने ओळखायचे. अजिंठा पाहिलेल्या मराठी माणसाला 'लेणं' म्हटलं की डोळ्यांपुढे नेमकं चित्र उभं राहतं.

दुसरं, लक्सरच्या उत्तरेला नाईलच्या काठी किफ्त नावाचं गाव आहे, जुनं कोप्तोस. डेंडेराचं देऊळ बघायला जाताना तुम्ही त्याच्या जवळून गेला असाल. तिथे कोणी थांबत नाही, पण आपल्यासाठी ती जागा मोलाची आहे. रोमन काळात माल अलेक्झांड्रियाहून नाईलमधून बोटीने कोप्तोसला यायचा. तिथून उंटांवर, उन्हामुळे बरंचसं रात्री चालत, बारा दिवसांत तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात, आणि तिथून मान्सूनच्या वाऱ्यावर भारतात. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वाटाड्या पुस्तकात, पेरिप्लसमध्ये, भडोच, सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांची नावं आहेत. पैठण-तेरचा माल घाट उतरून बंदरात जायचा. बेरेनिकेच्या उत्खननात देवळात पुरलेल्या भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. सातवाहनांची दोन नाणीही मिळाली. २०२२ मध्ये तर तिथे बुद्धाची संगमरवरी मूर्ती मिळाली. आपल्या पैठणच्या राजांची नाणी तांबड्या समुद्राच्या त्या काठाला! मला हे कळलं तेव्हा रात्रभर झोप नव्हती.

मिरीचं नातं आणखी जुनं आहे. रामसेस दुसऱ्याच्या ममीच्या नाकपुड्यांत काळ्या मिरीचे दाणे निघाले. ती मिरी दक्षिण भारताखेरीज कुठली असणार?

---

कृष्णाकाठची

@जुनं_नाणं, 'लेणी' हा शब्द मनापासून पटला. पुढे तोच वापरते. आणि अजिंठ्याचं नाव तुम्ही काढलंच आहे, तर सेती पहिल्याच्या लेण्याबद्दल लिहूनच टाकते. (मी चित्रकला शिकवते, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.)

हे लेणं बेल्झोनी या इटालियन माणसाने १८१७ मध्ये शोधलं. लांबी १३७ मीटर, दरीतलं सगळ्यात लांब आणि खोल लेण्यांपैकी एक. तिकीट महाग आहे. तिघींनी जायचं की एकटीने, यावर आमची रात्रभर चर्चा झाली. शेवटी आई म्हणाली, "तू चित्रं काढतीस, तू जा. मी चहा पिते."

आत कोरीव उठावाचं काम असं आहे की बोटांच्या नखांपर्यंत, कानाच्या पाळीपर्यंत सगळं घडवलेलं. आणि मग एका दालनात पोचल्यावर अचानक रंग संपतात, उठाव संपतो. भिंती पांढऱ्या आणि त्यांवर नुसती रेखाटनं. ते दालन कोरायचं राहूनच गेलं.

मी तिथे जमिनीला खिळले. आधी कोणीतरी लाल रंगाने आकृत्या आखल्यात. मग दुसऱ्या, जास्त मुरलेल्या हाताने त्यावरून काळ्या रेघेने दुरुस्ती केलीय. एका आकृतीचा हात लाल रेघेत जरा खाली होता, काळ्या रेघेने तो दोन बोटं वर उचलला. बस, एवढंच. पण त्या उचलण्याने अख्खी आकृती चालायला लागली! मी मुलांच्या वह्यांत रोज हेच करते, 'खांदा इथे हवा' म्हणून वरून रेघ मारते. म्हणजे तिथेही कोणी शिकणारा होता आणि त्याचा गुरुजी शेजारी उभा होता. कोरणाऱ्याने पुढे छिन्नी चालवली असती तर दोन्ही रेघा गेल्या असत्या. राहून गेलं म्हणून गुरु-शिष्य दोघंही आपल्यापर्यंत पोचले.

अजिंठ्याशी तुलना : दोन्हीकडे ओल्या नव्हे, कोरड्या गिलाव्यावर रंगकाम. पण अजिंठ्यात रेघ वळते, लवते, देहात श्वास भरते. इथे रेघ नेमकी, ठाम, जणू अक्षर लिहितायत. चित्र आणि लिपी यांत त्यांनी भेदच ठेवला नाही. निळा रंगही वेगळा. अजिंठ्यातला निळा दूरदेशीच्या लाजवर्द दगडाचा, यांचा निळा वाळू, चुना आणि तांबं भट्टीत भाजून स्वतः तयार केलेला. आणि हे सगळं काम दिव्याच्या उजेडात. कारागिरांना वाती मोजून दिल्या जायच्या, त्याच्याही नोंदी त्या कपच्यांवर आहेत.

---

खमंग_खाखरा

ते शापाचं काय? आमच्या हिला तुतनखामेनच्या थडग्यात जायची भीती वाटते.

---

सह्यवेडा

@खमंग_खाखरा, वहिनींना सांगा, निर्धास्त जा. नोव्हेंबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरला ते सापडलं. पैसे पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये डास चावल्याची जखम चिघळून गेले आणि वर्तमानपत्रांनी शाप उठवला. पण शवपेटी उघडणारा स्वतः कार्टर १९३९ पर्यंत जगला. आत खोल्या छोट्या आहेत, पण राजाची ममी तिथेच आहे. सोनं सगळं कैरोकडे.

---

कोयनेचा_मुलगा

अबू सिंबेल आणि फिलेच्या देवळांबद्दल लिहाल तेव्हा एक विनंती. देवळं हलवली हे सगळे सांगतात. माणसं हलवली त्याबद्दलही लिहा. आमचं गाव शिवसागर जलाशयाखाली आहे. आजोबा शेवटपर्यंत 'आपलं गाव' म्हणजे ते पाण्यातलंच म्हणायचे.

---

कृष्णाकाठची

@कोयनेचा_मुलगा, तुमचा प्रतिसाद वाचून मी आधी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, आधी हेच लिही. मधल्या कर्नाक, एडफूच्या देवळांचं मागून.

अस्वानचं मोठं धरण १९६० ते १९७० मध्ये बांधलं. त्यामागे नासेर सरोवर, सुमारे ५०० किलोमीटर लांब. युनेस्कोच्या पुढाकाराने जगभरातून पैसा आणि माणसं आली. अबू सिंबेलची दोन्ही देवळं १९६४ ते ६८ मध्ये करवतीने कापून हजारावर तुकडे केले, प्रत्येक तुकडा काही टनांचा, आणि सुमारे ६५ मीटर वर नेऊन पुन्हा जोडली. रामसेसच्या चार बसलेल्या मूर्तींपैकी एकीचं डोकं प्राचीन भूकंपात खाली पडलं होतं. ते पडलेलं डोकं नव्या जागीही तसंच, त्याच बाजूला पडलेलं ठेवलंय. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला उगवतीचं ऊन गाभाऱ्यापर्यंत पोचतं, तेही सांभाळलं. गाभाऱ्यातल्या चार मूर्तींपैकी तीन उजळतात, प्ताह हा पाताळाशी नातं असलेला देव अंधारातच राहतो.

फिले तर वेगळ्याच बेटावरून उचललं. १९०२ च्या जुन्या धरणापासूनच ते वर्षातले कितीतरी महिने पाण्यात असायचं. रंग सगळे त्यात गेले. भिंतींवर पाण्याच्या पातळीच्या रेघा आजही दिसतात, उजनीतल्या पळसदेवच्या देवळावर दिसतात तशाच. भोवती बांध घालून पाणी उपसलं, देऊळ सोडवलं आणि शेजारच्या अगिल्किया बेटाला जुन्या बेटासारखा आकार देऊन तिथे उभारलं. १९८० मध्ये ते पुन्हा खुलं झालं. याच देवळात प्राचीन चित्रलिपीचा तारीख असलेला शेवटचा लेख आहे, २४ ऑगस्ट ३९४ चा. साडेतीन हजार वर्षं लिहिली गेलेली लिपी तिथे थांबली. मी त्या भिंतीपाशी हात जोडले.

आता माणसं. इजिप्तच्या बाजूचे सुमारे पन्नास हजार नुबियन लोक १९६३-६४ मध्ये उठवले आणि कोम ओम्बोच्या आसपास नेऊन वसवले. नदीपासून लांब, काँक्रीटच्या घरांच्या रांगा. नव्या वस्त्यांना त्यांनी आपल्या बुडालेल्या गावांचीच नावं दिली.

अस्वानला आमच्या होडीवरचा माणूस नुबियन होता. वय साठीच्या पुढे. आईने मला विचारायला लावलं, तुमचं गाव कुठलं? तो दक्षिणेकडे बोट करून म्हणाला, पाण्याखाली. मग सांगितलं की त्याची आजी निघताना घराच्या दाराची लाकडी किल्ली बरोबर घेऊन आली होती. दार नाही, किल्ली आहे. आई मराठीत म्हणाली, "आमच्याकडंबी असंच झालंय, बाबा." मी इंग्रजीत सांगितलं. त्याने सुकाणू सोडलं, दोन्ही हात छातीवर ठेवले आणि आईसमोर वाकला.

---

कोयनेचा_मुलगा

ताई, धन्यवाद. वडिलांना वाचून दाखवलं. आमच्याकडे जात्याची वरची तळी आहे, खालची तिथेच राहिली.

---

दोहाकर

धागा शांतपणे वाचतोय. बोटीबद्दल लिहा ना. मोठी क्रूझ की दहाबिया?

---

कृष्णाकाठची

@दोहाकर, आम्ही मोठी क्रूझ घेतली आणि माझं मत स्पष्ट आहे : परवडत असेल तर दहाबिया घ्या. ती शिडाची, मोजक्या खोल्यांची, वारा पडला की छोटी बोट ओढून नेते. मोठ्या बोटी धक्क्याला एकीला एक चिकटून लागतात. खिडकी उघडली की दुसऱ्या बोटीची खिडकी. काठावर जायला चार-पाच बोटींच्या दिवाणखान्यांतून चालत जावं लागतं. शिवाय सगळ्या बोटी एकाच वेळी पोचतात, म्हणजे कोम ओम्बोच्या देवळात संध्याकाळी हजारभर माणसं एकदम.

आमच्या सहलवाल्याने कर्नाकला आम्हाला पाऊण तास दिला होता. पाऊण तास! १३४ खांबांचं ते दालन, मधले बारा खांब २१ मीटर उंच. त्या मधल्या खांबांचे माथे उमललेल्या पपायरसचे आणि बाजूचे मिटलेल्या कळ्यांचे, कारण ऊन मधल्या उंच झरोक्यांतून येतं. हे समजायलाच अर्धा तास लागतो. आम्ही दुसऱ्या दिवशी आपले आपण रिक्षा करून पुन्हा गेलो. पहिल्या गोपुराच्या मागच्या अंगाला कच्च्या विटांच्या चढाचा ढिगारा अजून आहे. दगड वर चढवायला केलेला तो उतार. गोपूर पुरं झालं नाही, म्हणून काढायचाही राहिला. पंढरपूरला जाऊन नुसतं नामदेव पायरीचं दर्शन घेऊन परत यायचं नसतं, तसं कर्नाकचं आहे. निदान तीन तास ठेवा.

एडफू थोडक्यात : इसवी सनापूर्वी २३७ मध्ये सुरू, इसवी सनापूर्वी ५७ मध्ये पूर्ण, सगळ्यात शाबूत देऊळ. वाळूत इतकं बुडालं होतं की छपरावर लोकांची घरं होती. हॉरस देव पाणघोड्याला भाल्याने मारतोय ते बघा. पाणघोडा मुद्दाम मांजरीएवढा काढलाय, कारण काढलेलं ते खरं होतं अशी त्यांची श्रद्धा, मग शत्रू मोठा कसा काढणार? धक्क्यापासून टांगे असतात. घोड्यांच्या बरगड्या दिसत होत्या, पाठीवर जखमा होत्या. आम्ही रिक्षाने गेलो. तुम्हीही तेच करा, ही कळकळीची विनंती.

एस्नाचं देऊळ चुकवू नका. रस्त्यापासून नऊ मीटर खाली खड्ड्यात एकच दालन, २४ खांब. काजळीचे थर काढण्याचं काम २०१८ मध्ये सुरू झालं आणि खालून असे रंग निघालेत की काल दिलेत असं वाटावं. आम्ही गेलो तेव्हा दोन बायका परातीवर बसून कापसाच्या बोळ्याने छताचा एक पंख पुसत होत्या. मावशीने तासाभरात त्यांनी किती पुसलं ते मोजलं. दोन पिसं.

---

मराठी_मुलगी_माद्रिद

परातीवर? परांचीवर म्हणायचं असेल. 😊 बाकी एक भर घालते. धरणापासून देवळं वाचवायला मदत केली म्हणून इजिप्तने काही देवळं त्या देशांना भेट दिली. डेबोडचं देऊळ इथे माद्रिदला बागेत आहे. डेंडूरचं न्यूयॉर्कला आहे. मी संध्याकाळी डेबोडपाशी फिरायला जाते. आता त्या होडीवाल्याची किल्ली आठवत राहील.

---

कृष्णाकाठची

@मराठी_मुलगी_माद्रिद, हो, परांचीच. धन्यवाद.

---

भटकभवानी

धागा वर काढतेय. काल परत आलो. ताई, तुमचं ऐकून पहिल्या सकाळी देर अल-मदिना केलं. सासूबाई सेन्नेजेमच्या जिन्यापाशी वरच थांबल्या. पहारेकऱ्याने त्यांना आपल्या सावलीतल्या बाकावर बसवलं, किटलीतला चहा दिला, मला म्हणाला 'अमिताभ बच्चन' आणि हसला. बक्षीस द्यायला गेले तर आईच्या वयाच्या बाईच्या चहाचे पैसे घेत नाही म्हणाला.

सेतीच्या लेण्यात तो वर उचललेला हात शोधला. सापडला की नाही ते नक्की सांगता येणार नाही, कारण तसे सात-आठ आहेत! एका ठिकाणी तर पाऊल दोनदा दुरुस्त केलंय. फोटो टाकते आहे, लाल रेघ बारीक आहे, मोठा करून बघा. तुमचा हात यातला कुठला ते सांगा.

---

कृष्णाकाठची

तिसऱ्या फोटोतला. डावीकडून दुसरी आकृती, मनगटापाशी बघा.